लिनियर लावला, वॅट वाढले, तरी समोरच्याला आवाज फाटकाच का येतो

तक्रार नेहमी एकच असते. रेडिओवर बोलायचा सेट चांगला, मागे लिनियर (सेटची पॉवर वाढवणारा ॲम्प्लिफायर) जोडलाय, वॅट मीटरचा काटा शंभरावर जातोय आणि तरी समोरचा म्हणतो सिग्नल आहे रे, पण काय बोलतोस तेच कळत नाही, आवाज फाटतोय, बाजूच्या दोन चॅनेलवर पण तूच ऐकू येतोस. मग लिनियर रिपेअरला जातो, तिथे ट्रान्झिस्टर बदलतात, कॉइल जरा ताणून दाबून काटा अजून वर आणून देतात, आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि परत तेच. आमच्या गोव्यात जून लागला की हे हमखास. इथे बरेचसे सेट तारवटींनी (जहाजावर नोकरी करणाऱ्यांनी) बोटीवरून येताना आणलेले, कोणी ट्रकसाठी घेतलेला, कोणी हौसेने घरात लावलेला, आणि लिनियर पण त्याच बॅगेतून आलेला, मॅन्युअल नाही काही नाही, वर नुसतं "१५० वॅट" छापलेलं.

आधी कायद्याचं बोलतो, कारण ते टाळून पुढे जाणं मला पटत नाही. आपल्याकडे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा सिटिझन बँड (सीबी, सामान्य माणसांना बोलायला दिलेला रेडिओचा पट्टा) विनापरवाना आहे पण ५ वॅटपर्यंतच, आणि तेही सेटच्या स्वतःच्या अँटेनावर. म्हणजे सीबीवर लिनियर लावणं नियमात बसत नाही, अमेरिकेत सुद्धा बसत नाही, तिथे एएमला (आवाजाप्रमाणे कॅरियर, म्हणजे वाहक लहर, लहान-मोठी करायची पद्धत) ४ वॅट आणि एसएसबीला (कॅरियर गाळून आवाजाची एकच बाजू पाठवायची पद्धत) १२ वॅट पीईपी (आवाजाच्या शिखराला मोजलेली पॉवर), बास. अजून एक, अमेरिकन सेटवर ४० चॅनेल असतात आणि ते २७.४०५ पर्यंत जातात, आपल्या पट्ट्यात त्यातले पहिले २७ च बसतात, अठ्ठावीसवा २७.२८५ वर आहे म्हणजे बाहेर. पॉवर वापरायचीच असेल तर हॅमची (परवाना घेऊन करायच्या हौशी रेडिओची) परीक्षा द्या, जनरल ग्रेडला ४०० वॅटपर्यंत मुभा आहे, आणि यातले बहुतेक लिनियर २८ मेगाहर्ट्झच्या टेन मीटर बँडवर पण चालतात. तेव्हा खालचं सगळं टेन मीटरवर लिनियर चालवणाऱ्या परवानाधारकांसाठी आहे, सीबीवाल्यांनी लिनियरचा भाग सोडून माइक आणि सप्लाय एवढं घ्यावं, त्यांचा फायदा त्यातच जास्त आहे.

का ते आकड्यातच बघा. एस-मीटरवरचा (सेटवर आलेल्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवरचा) एक एस म्हणजे ६ डीबी (डेसिबल), म्हणजे चौपट पॉवर. ४ वॅटवरून समोरच्याचा काटा एक घर वर न्यायला १६ वॅट लागतात, दोन घरं न्यायला ६४, तीन घरं न्यायला २५६. एवढा खर्च, एवढी उष्णता, एवढा सप्लाय, आणि मिळालं काय तर दोन-अडीच घरं. आणि तेवढ्यासाठी आवाज फाटला तर जे मिळवलं त्यापेक्षा जास्त घालवलं. जत्रेतल्या नाटकात भोंगा फुल्ल केला की मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतो खरा पण संवाद एकाला कळत नाही, तसंच हे. लिनियरला चांगलं-वाईट कळत नाही, आत जे घालाल तेच तो मोठं करतो, आणि झेपेल त्याच्या पुढे ढकललंत तर स्वतःची भर घालून मोठं करतो. म्हणून शोध लिनियरपासून सुरू करू नका.

पहिलं काम, लिनियर बंद करून बायपासमध्ये (सिग्नल लिनियरला वगळून सरळ अँटेनाला जाईल असा) ठेवा आणि सेटवरूनच बोला. ऐकणारा चार-पाच किलोमीटरवरचा हवा, त्याच गल्लीतला नको, जवळच्याचा रिसीव्हर तुमच्या सिग्नलने दाबला जातो आणि चांगला आवाज पण त्याला फाटकाच येतो. नुसत्या सेटवर पण आवाज खराब असेल तर लिनियरला दोष देऊ नका, माइक आणि सेट बघा. पॉवर माइक, इको, रॉजर बीप हे सगळं काढून सेटबरोबर आलेला साधा माइक लावा, माइक गेन निम्म्यावर आणा. आणि सेट कुठे "उघडून" आणलाय का ते विचारा. "मॉड्युलेशन वाढवून देतो" म्हणजे बहुतेक वेळा आतला लिमिटर (आवाज ठरलेल्या मर्यादेत ठेवणारा भाग) तोडून टाकलेला असतो. एएममध्ये १०० टक्क्यांच्या वर मॉड्युलेशन गेलं की आवाजाच्या खालच्या टोकाला कॅरियर पूर्ण शून्य होतो, क्षणभर तुटतो आणि परत उभा राहतो, हे सेकंदाला शेकडो वेळा. तीच फाट आजूबाजूच्या चॅनेलवर पसरते. तोडलेला लिमिटर परत जोडून घ्या, लिनियर ठीक करण्याआधी.

नुसत्या सेटवर आवाज स्वच्छ आणि लिनियर टाकल्यावर खराब, असं असेल तर आता मीटर नीट बघा. मीटर बघणं म्हणजे काटा किती वर गेला ते बघणं नव्हे, बोलताना काटा कुठे हलतो ते बघणं. एएमवर नुसता कॅरियर सोडा, काटा एका जागी थांबेल. आता बोला. काटा तिथेच राहिला किंवा किंचित वर सरकला तर ठीक. बोलताना काटा खाली पडत असेल तर निदान झालं, लिनियरच्या डोक्याला छत लागलंय. याचा हिशोब सोपा आहे पण रिपेअरवाले पण चुकतात म्हणून सविस्तर लिहितो. एएमचा कॅरियर १०० टक्के मॉड्युलेट झाला की शिखराला पॉवर चौपट होते. सेटचा ४ वॅट कॅरियर बोलताना १६ वॅटच्या शिखराला जातो. आता तुमचा लिनियर खऱ्या अर्थाने १०० वॅट पीईपीचा असेल तर कॅरियर २५ वॅटच ठेवायला हवा, म्हणजे वर चौपट व्हायला जागा उरते. पण २५ वर काटा बघून मन भरत नाही, म्हणून ड्राइव्ह (सेटमधून लिनियरला जाणारी पॉवर) वाढवून कॅरियरच १०० वर नेतात, मग आवाजाच्या शिखराला ४०० वॅट कुठून आणणार तो? शिखरं छाटली जातात, वरून सपाट होतात, आणि समोरच्याला दणदणीत कॅरियरखाली दबलेला बारीक कुरकुरीत आवाज मिळतो. म्हणजे मीटरवर १०० आणि कानाला ४ वॅटपेक्षा वाईट. उपाय फुकटचा आहे: सेटला आरएफ (म्हणजे रेडिओ सिग्नलच्या) पॉवरचा कंट्रोल असेल तर कॅरियर १ वॅटपर्यंत खाली आणा, काटा बोलताना पडायचा थांबेपर्यंत. लिनियरवर लो-हाय असेल तर लो. कंट्रोल नसेल तर सेट आणि लिनियरच्या मध्ये योग्य वॅटेजचा ॲटेन्युएटर (पॉवर कमी करणारा डबा) लावा.

एसएसबीवर उलटं फसवतात मीटर. साधा ॲव्हरेज वाचणारा मीटर बोलताना पीईपीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, कारण आवाजात मध्ये मध्ये गॅप असतात. म्हणजे १०० वॅट पीईपी अगदी बरोबर चाललेलं असलं तरी काटा ३० च्या आसपासच नाचणार. हे माहीत नसलं की माणूस माइक गेन वाढवत जातो, काटा १०० ला लागेपर्यंत, आणि तिथे पोचेपर्यंत सगळी शिखरं सपाट झालेली असतात. सपाट शिखर म्हणजे थर्ड आणि फिफ्थ ऑर्डरचा कचरा (छाटणीतून तयार झालेले जास्तीचे सिग्नल), ३ किलोहर्ट्झमध्ये बसायचा सिग्नल पंधरा किलोहर्ट्झ पसरतो. एसएसबीसाठी पीईपी वाचणारा मीटर घ्या, नाहीतर लांबलचक शिट्टी वाजवून कमाल आकडा एकदा बघून ठेवा आणि बोलताना काटा त्याच्या निम्म्याच्याही खाली राहिला तर खूश राहा.

आता ड्राइव्ह कमी करून पण एसएसबीवर आवाज तुटक येतोय, हळू बोललेलं गायब आणि जोरात बोललेलं तेवढंच जातंय, असं असेल तर लिनियर लिनियरच नाही. हे बाजारात भरपूर आहे. ट्रान्झिस्टरला बायस (सिग्नल नसताना पण त्याला थोडं चालू ठेवणारं व्होल्टेज) दिलेलाच नसतो, म्हणजे क्लास सी, जो एफएम आणि मोर्सला चालतो पण एएम-एसएसबीला चालत नाही. तपासायला डीसी वाचणारा क्लॅम्प मीटर लागतो. लिनियरच्या पॉझिटिव्ह वायरला क्लॅम्प लावा, एसएसबी पोझिशन आणि डिले (गप्प झाल्यावर पण लिनियरचा रिले जरा वेळ धरून ठेवणारा स्विच) चालू ठेवा, एकदा "हॅलो" म्हणा आणि गप्प व्हा. रिले पडायच्या आधी जो सेकंदभर मिळतो त्यात करंट वाचा. बायस असलेला लिनियर गप्प असताना पण दोन ट्रान्झिस्टर मिळून शंभर-दोनशे मिलिअँपिअर तरी ओढत असतो, रिले आणि दिव्याचा करंट वजा करून. त्यांच्यापलीकडे शून्य दिसलं तर बायस नाही, किंवा होता आणि मेलाय.

आणि परत परत येणाऱ्या प्रॉब्लेमचं मूळ मला सगळ्यात जास्त वेळा इथेच सापडलंय. बायस देणारा एक डायोड असतो जो ट्रान्झिस्टरला किंवा हीटसिंकला चिकटून बसलेला असायला हवा, म्हणजे ट्रान्झिस्टर तापला की डायोड पण तापतो आणि बायस आपोआप कमी करतो. रिपेअरमध्ये ट्रान्झिस्टर बदलताना हा डायोड उचलून बाजूला वाकवतात आणि तसाच हवेत सोडतात. मग काय होतं, थंड असताना पाच मिनिटं आवाज छान, तापत गेला की करंट वाढत जातो, करंट वाढला की अजून तापतो, आणि एक दिवस परत ट्रान्झिस्टर उडतो. परत रिपेअर, परत नवीन ट्रान्झिस्टर, डायोड हवेतच. झाकण उघडून फक्त एवढं बघा की तो छोटा काळा डायोड कुठे टेकलाय, थर्मल पेस्ट आहे की वाळून पांढरी पावडर झालीय. आणि ट्रान्झिस्टर बदलायचाच असेल तर सांभाळून, २एससी२८७९ हा तोशिबाचा नावाजलेला ट्रान्झिस्टर कधीच बंद झालाय, बाजारात त्या नावाचे नकली भरपूर. खरा असला तरी एकाची रेटिंग १२.५ व्होल्टवर १०० वॅट पीईपी, तेव्हा जोडीवर कोणी ५०० वॅट लिहिलं असेल तर ते छापण्यापुरतंच.

सप्लाय. १०० वॅट बाहेर काढायला लिनियर साधारण १५ ते १८ अँपिअर खातो. व्होल्टेज सप्लायच्या तोंडाशी मोजू नका, लिनियरच्या टर्मिनलवर मोजा आणि बोलताना मोजा. तिथे १३.८ चे ११.५ होत असतील तर आवाजाच्या प्रत्येक शिखराला पॉवर नेमकी तिथेच कमी पडणार, छाटणी परत तीच, कारण वेगळं. गाडीत असेल तर सिगरेट लायटरच्या सॉकेटवर लिनियर कधीच नको, थेट बॅटरीवरून जाड वायर आणि बॅटरीजवळच फ्यूज. घरात ट्रान्सफॉर्मरवाला जुना सप्लाय असेल तर संध्याकाळी लाईटचं व्होल्टेज पडलं की त्याचा रेग्युलेटर हात टेकतो आणि १०० हर्ट्झची घूं घूं कॅरियरवर बसते. आमच्या वाड्यावर दिव्यालागणीला हेच होतं, सकाळी आवाज स्वच्छ आणि रात्री घरघर. वेळेप्रमाणे बदलणारी घरघर असेल तर लिनियर खोलू नका, आधी मेन्सचं व्होल्टेज बघा.

आता पावसाचं. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, वर किनाऱ्याकडे खारी हवा. केबल माडावरून नाहीतर कौलांवरून खाली येते, वरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरतं आणि जाळीवरून केशनळीसारखं आत चढत जातं. कनेक्टर कापून बघा, तांब्याची जाळी लालसर चमकायच्या जागी काळी पडलेली असते, मधल्या तारेला हिरवं बुरसट, नखाने खरवडलं तर पावडर निघते. आणि यातली फसवणूक अशी की मीटर म्हणतो सगळं छान. खराब केबल पॉवर खाते, जाताना पण आणि परत येताना पण, त्यामुळे खाली परतलेली पॉवर कमीच दिसते आणि एसडब्ल्यूआर (गेलेल्या आणि परतलेल्या पॉवरवरून काढलेला आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) सुधारल्यासारखा वाटतो. ६ डीबी खाणारी केबल असेल तर वर अँटेना नसली तरी खाली १.७ दिसेल! म्हणून "पावसात माझा एसडब्ल्यूआर उलट कमी झाला" असं कोणी आनंदाने सांगितलं की मला काळजी वाटते.

तपासणी सोपी. वरचं टोक अँटेनापासून सोडवून उघडं ठेवा, खाली नॅनोव्हीएनए (केबल-अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावा आणि २८ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर वाचा. इथे आकडा मोठा यायला हवा. १ डीबी लॉसच्या चांगल्या केबलला ८ च्या वर येतो, ३ डीबीला ३ येतो. ३ किंवा खाली आला तर केबल बदला, वाळवून उपयोग नाही. नवीन घेताना पण बघून घ्या, ३० मीटर आरजी-५८ टेन मीटर बँडवर साधारण अडीच डीबी खाते, म्हणजे १०० वॅटमधले वर पोचतात पंचावन्न-छप्पन्न. आरजी-२१३ ला हाच लॉस एक-सव्वा डीबी. म्हणजे केबल बदलून जे मिळतं ते रिसीव्ह करताना पण मिळतं, जे लिनियर कधीच देत नाही. कनेक्टर आपोआप एकजीव होणाऱ्या रबर टेपने गुंडाळा, वर साधी काळी टेप. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तिथे नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. आणि केबल घरात घ्यायच्या आधी खाली झोळ ठेवून मग वर घ्या, पाणी झोळातून खाली गळेल, भिंतीतून आत येणार नाही.

अँटेना आपल्याकडे साधा डायपोल (मध्ये केबल जोडलेली दोन सारख्या भागांची तार) पण उत्तम काम करतो, २८.५ मेगाहर्ट्झला एकूण पाच मीटर तार, दोन माडांच्या मध्ये जेवढी उंच जमेल तेवढी. उभी अँटेना लावत असाल तर जमिनीच्या भरवशावर राहू नका, आपला चिऱ्याचा दगड उन्हाळ्यात कोरडाठाक असतो, अर्थिंगचा रॉड ठोकून रेडियल्सचं (अँटेनाच्या बुडातून बाजूला पसरलेल्या तारांचं) काम होत नाही. चार तारा अडीच-अडीच मीटरच्या अँटेनाच्याच बुडाला बांधा.

अजून एक लक्षण सांगतो जे वेगळं ओळखायला हवं. लिनियर टाकल्यावर आवाजाला हूं असा पडसाद, माइकच्या वायरला हात लावला की आवाज बदलतो, शेजारच्या काकांच्या भजनाच्या स्पीकरमधून तुमचं बोलणं. हे बहुतेक केबलच्या बाहेरच्या जाळीवरून आरएफ परत खोलीत येतंय. मिक्स ३१ (फेराइटचा एक प्रकार) च्या मोठ्या फेराइट रिंगमधून केबलचे सहा-सात वेढे, एक अँटेनाच्या तोंडाशी आणि एक सेटकडे. स्पीकरवाल्या काकांच्या वायरला पण एक रिंग लावून द्या, भांडण मिटतं. फक्त त्यांच्या सगळ्या वस्तू एकदम बोंबलत असतील तर दोष त्यांच्या वस्तूंचा नाही, तुमच्याकडे शोधा.

हार्मोनिक्सबद्दल (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट जागी निघणाऱ्या नको त्या सिग्नलबद्दल) मात्र मी कडक आहे. २७ चा चौपट १०८ आणि २८.५ चा चौपट ११४ मेगाहर्ट्झ. १०८ ते ११८ च्या मध्ये विमानांना दिशा दाखवणारी आणि धावपट्टीवर उतरवणारी यंत्रणा चालते. आपल्या एवढ्याशा राज्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ, म्हणजे कुठेही राहा, एक तरी फार लांब नाही. स्वस्त लिनियरमध्ये आउटपुटला फिल्टरच नसतो आणि छाटलेला सिग्नल हार्मोनिक्सने भरलेला असतो. एक खूण लक्षात ठेवा: नुसत्या सेटवर एसडब्ल्यूआर १.३ आणि लिनियर चालू केला की त्याच अँटेनावर २.५, तर मीटर बहुतेक हार्मोनिक्स परतलेले दाखवतोय, किंवा लिनियर स्वतःच ऑसिलेट होतोय. ५० ओहमच्या डमी लोडवर (अँटेनाच्या जागी लावायच्या, पॉवर पिणाऱ्या रेझिस्टरवर) पण तसंच दिसलं तर नक्कीच. लिनियरच्या नंतर, पॉवर झेपेल असा ३० च्या थोडं वर कापणारा लो-पास फिल्टर लावल्याशिवाय अँटेनावर जाऊ नका. ही गोष्ट पुढच्या महिन्यावर ढकलायची नाही.

स्कोप (सिग्नलचा आकार पडद्यावर दाखवणारं यंत्र) नसेल तर आरटीएल-एसडीआरचा डोंगल (लॅपटॉपला लावायचा स्वस्त रिसीव्हर) आणि लॅपटॉप घ्या, डोंगलला वीतभर तार लावून दुसऱ्या खोलीत ठेवा, जवळ ठेवलात तर तोच ओव्हरलोड होऊन खोटं दाखवेल. एएम सहा-आठ किलोहर्ट्झच्या आत, एसएसबी तीनच्या आत दिसायला हवा. आता दुसऱ्या कोणाला तरी माइक द्या आणि ड्राइव्ह हळूहळू खाली आणा, एका जागी बाजूचा पसारा एकदम गळून पडतो. सेटच्या पॉवरच्या नॉबवर त्या जागी पेनने खूण करा आणि रिपेअरवाल्याला पण सांगा की ट्यून करताना याच्या वर जायचं नाही.

एवढं करून पण अडलं तर विचारताना आकडे द्या: नुसत्या सेटवर आवाज कसा होता, कॅरियर किती, बोलताना काटा वर गेला की खाली, लिनियरच्या टर्मिनलवर बोलताना किती व्होल्ट, गप्प असताना किती करंट, डमी लोडवर काय आणि अँटेनावर काय, केबल कुठली, किती मीटर आणि किती पावसाळे जुनी. "१५० वॅटचा आहे पण आवाज फाटतो" एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही.